बगदादचा चोर पाहायला भैंशाहून मुंबईला

सन 1926, कापसाचा हंगाम. तुम्ही भैंशाच्या बाजारात उभे आहात आणि तुमच्या खिशातल्या पैशांनी मुंबईत साधं पानसुद्धा मिळणार नाही. हे निजामाचं राज्य. इथं हाली सिक्का चालतो आणि मुंबईत इंग्रजांचा कलदार. शंभर कलदार घ्यायचे तर एकशेसोळा-सतरा हाली मोजावे लागतात. सनही वेगळा. कचेरीतल्या कागदावर फसली 1336 लिहिलंय, तेही उर्दूत. तालुका मुधोळ, जिल्हा नांदेड. होय, नांदेडच. भैंसा आदिलाबादेत जायला अजून तीस वर्षं आहेत आणि निर्मल जिल्ह्यात जायला नव्वद.

तुम्ही एका अडत्याचे मुनीम आहात असं धरू. रुईच्या गठाणींचा हिशेब घेऊन मुंबईला निघालात. शेठनं सांगितलंय, काम झालं की परत या, उगाच चार दिवस काढू नका. तुम्ही मान डोलावलीत. पण मनात दुसरंच आहे. मागच्या साली मुंबईहून आलेल्या दलालानं एका चित्राचं असं काही वर्णन केलं होतं की झोप उडाली होती. उडती सतरंजी. पंखांचा घोडा. आणि एक उघड्या अंगाचा चोर, जो जिन्यावरून चढतच नाही, नुसता उडतो.

बासरपर्यंत छकडा. मुधोळ मागे पडतं, तीस-पस्तीस किलोमीटरात कंबरेचा काटा ढिला होतो. बासरला सरस्वतीचं लांबूनच दर्शन घेऊन तुम्ही ठेसनात येता. लहान रुळांची गाडी: धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद. वाटेत जकात घेणारा करोडगिरीवाला तुमची पेटी उघडून बघतो, धोतरांच्या घड्या विस्कटतो आणि काही मिळालं नाही म्हणून तुमच्यावरच गुरकावतो. मनमाडला गाडी बदलायची, कारण पुढं रूळ मोठे होतात. डब्यातल्या दिव्याला किडे लगडलेत आणि कोळशाच्या कणांनी तुमचा सदरा काळा पडलाय.

मुंबईतलं कॉटन ग्रीनचं काम एका दिवसात उरकतं. संध्याकाळी तुम्ही ग्रँट रोडच्या बाजूला, थिएटरच्या रांगेत. सगळ्यात स्वस्त जागा पिटातली, चार आण्यांची. बाकडी आहेत, पण बाकडी कमी आणि माणसं जास्त. शेजारी गिरणीतला एक गडी बसलाय, पाळी संपवून तसाच आलेला, केसांत कापसाचे धागे.

"काय पाव्हणं, कुठलं गाव?"

"भैंसा."

"हे कुठं आलं?"

"नांदेडच्या पलीकडं. निजामात."

"मोगलाईत व्हय!" तो म्हणतो आणि सरकून जागा देतो. त्यानं हे चित्र आधीही पाहिलंय. पडद्यावर इंग्रजी पाट्या येतात, त्या वाचून दाखवायला कोपऱ्यात एक माणूस उभा असतो. तो मराठी, गुजराती, हिंदी यांची मोट बांधून ओरडतो आणि मजकुरात स्वतःची भर घालतो. पडद्याखाली बाजाची पेटी आणि तबला. मागच्या खोलीत कार्बनच्या कांड्या फुरफुरतात, उजेडाचा पट्टा विड्यांच्या धुरातून पुढं येतो, आणि बगदाद उगवतं.

'थीफ ऑफ बगदाद', 1924. नायक डग्लस फेअरबँक्स, वय तेव्हा चाळिशी पार. पिटातल्या कुणालाही ते पटणार नाही. एका कट्ट्यावर तो झोपेचं सोंग घेऊन पडलाय. खाली कारंज्यावर पाणी प्यायला वाकणाऱ्यांची पाकिटं अलगद त्याच्या हातात येतात. मग पाठलाग. ओळीनं मांडलेले माणसाएवढे रांजण. तो एका रांजणात उतरतो, टुणकन बाहेर, दुसऱ्यात, तिसऱ्यात. पिटात शिट्ट्या. तुम्ही बघता तर तुमचा शेजारी बाकड्यावर उभा राहिलाय आणि तुम्हीही उभे आहात, कधी उठलात ते कळलंच नाही.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. पुढच्या वर्षी, 1927 साली, इंग्रज सरकार हिंदुस्थानातल्या सिनेमाची चौकशी करायला टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमणार आहे. तिला आढळेल की इथं दाखवल्या जाणाऱ्या शंभर चित्रांमधली ऐंशीहून अधिक परदेशी आहेत, त्यातली बहुतेक अमेरिकन, आणि देशात सगळ्यात लोकप्रिय ठरलेलं चित्र म्हणजे हाच बगदादचा चोर. इंग्रजांना काळजी होती ती अमेरिकन चित्रं पाहून नेटिवांच्या मनातला गोऱ्यांचा दरारा जाईल याची. गिरणीतला गडी फेअरबँक्सवर खूश आहे तो मात्र दुसऱ्याच कारणानं. हा माणूस कुणाचीच पर्वा करत नाही, आणि शिपायांना दमवतो.

बस्टर कीटनचं 'शेरलॉक ज्युनियर' नावाचं चित्र आहे, तेही 1924चंच. त्यात सिनेमा दाखवणारा पोरगा यंत्राशेजारी झोपतो आणि स्वप्नात सरळ चालत जाऊन पडद्यात शिरतो. तुम्हीही तसंच करा. बाकडी ओलांडा, पेटीवाल्याला वळसा घाला, आणि आत या.

आत लॉस एंजेलिस आहे. सांता मोनिका बुलेव्हार्डवरचा स्टुडिओ, साडेसहा एकरांवर उभं केलेलं बगदाद. विल्यम कॅमेरॉन मेंझिस या तरुण कलादिग्दर्शकानं जमीन अशी काळी चकचकीत करून घेतलीय की मनोरे हवेत तरंगतायत असं वाटावं. रांजणांत डोकावा. आत तळाशी उसळी देणारं ताणलेलं कापड आहे. चाळिशीचा नायक ज्या सहजतेनं रांजणातून बाहेर पडतो त्याचं मूळ त्यात आहे, पण रोज व्यायाम करून कमावलेलं शरीरही तितकंच खरं. तिकडं उंच क्रेनला पियानोच्या पोलादी तारांनी सतरंजी टांगलीय. तिच्यावर फेअरबँक्स आणि राजकन्या झालेली जुलान जॉन्स्टन बसलेत, आणि खाली शेकडो माणसं तोंडं वर करून उभी आहेत. त्यांना तोंडं वर करायला सांगावं लागलं नसणार. या सगळ्याचा खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. दिग्दर्शक राऊल वॉल्श. मंगोल दासी झालेली ॲना मे वाँग जेमतेम एकोणीस वर्षांची. आणि तो गलेलठ्ठ, मिशाळ इराणी राजपुत्र दिसतोय ना? ती बाई आहे, मथिल्द कोमों. हिंदुस्थानचा राजपुत्र झालाय नोबल जॉन्सन, अमेरिकन कृष्णवर्णीय नट. म्हणजे ग्रँट रोडच्या पिटात ज्याला 'आपला राजा' म्हणून टाळ्या पडल्या, त्याचा हिंदुस्थानशी काडीचाही संबंध नव्हता.

परत बाहेर या. खेळ सुटलाय. रस्त्यावर शेजारी तुम्हाला चहा पाजतो आणि म्हणतो, "हे झालं सायबाचं. आता आपला इठ्ठल बघा."

त्याचा विठ्ठल म्हणजे मास्टर विठ्ठल. कोल्हापूरचा, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेला गडी. 1924च्या 'कल्याण खजिना'त तो नाचणाऱ्या बाईच्या वेषात पडद्यावर आला. मग मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीनं त्याला उचलला आणि 'रतन मंजरी'त नायक केला. वर्ष 1926, म्हणजे तुम्ही मुंबईत आहात तेच. तलवारबाजी, उड्या, घोडदौड. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. तुम्ही शेठचं बोलणं विसरून एक दिवस मुक्काम वाढवता, पुन्हा चार आणे काढता, पिटात बसता, दिवे मालवतात.

आणि पडदा पांढराच राहतो.

इथं माझी गाडी अडते. फेअरबँक्सची प्रत्येक उडी मी तुम्हाला दाखवू शकलो, कारण ती आजही जशीच्या तशी पाहता येते. विठ्ठलची एकही उडी मी दाखवू शकत नाही. त्याच्या उमेदीतल्या मूकपटांतलं काही उरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. आज हाती आहेत ते तीसही भरणार नाहीत, आणि त्यातलेही बरेच तुकड्यांत.

चला, पाच वर्षं पुढं. 14 मार्च 1931, गिरगावातलं मॅजेस्टिक. बाहेर एवढी गर्दी की पोलीस बोलवावे लागलेत, चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना काळ्या बाजारात. 'आलम आरा', देशातला पहिला बोलपट, आणि नायक आपला विठ्ठल. यासाठी त्यानं शारदाचा करार मोडला. शारदानं कोर्टात खेचलं. विठ्ठलच्या बाजूनं वकील उभे राहिले ते बॅरिस्टर मोहम्मद अली जिना, आणि त्यांनी त्याला सोडवलं. पण पडद्यावर बोलायचं होतं उर्दूत, आणि कोल्हापूरची जीभ साथ देईना. म्हणून म्हणे या चित्रात त्याला बराच वेळ बेशुद्ध ठेवलं. पिटातून ज्याच्या नावानं शिट्ट्या वाजल्या, तो बोलपटाच्या पहिल्याच दिवशी पडद्यावर झोपून होता. पुढं त्यानं मराठी चित्रपटांत कामं केली. 1969 साली तो गेला.

'आलम आरा'ही गेला. ज्या माणसानं तो जन्मभर शोधला त्याचं नाव पी. के. नायर. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते यांनी उभं केलं. अंधारात बसून बॅटरीच्या उजेडात वहीत टिपणं करत सिनेमा पाहायची त्यांची सवय होती. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' आज दिसतो, 1919 साली फाळक्यांच्याच छोट्या मुलीनं, मंदाकिनीनं, केलेला कृष्ण आज नदीत उडी मारतो, तो यांच्या खटपटीमुळं. पण 'आलम आरा'पाशी त्यांचे हात टेकले. त्याची रिळं चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली असं ते सांगत. नायट्रेटच्या फिल्मवर चांदीचा थर असतो. चित्र जुनं झालं, थिएटरवाले विचारेनात, की भंगारवाला चांदीचा भाव देतो. बांगडी मोडावी तसा सिनेमा मोडला.

आपलेच लोक करंटे, असं म्हणून सुस्कारा टाकायची सवय आपल्याला आहे. ती इथं कामाची नाही. अमेरिकेनंही हेच केलं. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2013 साली हिशेब मांडला: 1912 ते 1929 या काळात सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीचे मूकपट निघाले, त्यातले फक्त 14 टक्के मूळ स्वरूपात उरलेत, 70 टक्के साफ नाहीसे झालेत. थीडा बारा ही त्या काळची केवढी मोठी नटी. तिची चाळीसच्या आसपास चित्रं, 1917ची 'क्लिओपात्रा' त्यात. 1937 साली न्यू जर्सीत फॉक्स कंपनीचं गोदाम पेटलं आणि तिचं बहुतेक सगळं त्यात खाक झालं. मेरी पिकफर्ड, फेअरबँक्सची बायको आणि त्याच्याहूनही लोकप्रिय, तिला तर आपली चित्रं स्वतःच जाळायची होती. पुढची पिढी हसेल ही भीती. मैत्रीण लिलियन गिशनं तिला समजावलं म्हणून ती चित्रं वाचली. कॅनडाच्या टोकाला डॉसन सिटी नावाच्या गावात 1978 साली खोदकाम करताना पाचशेहून अधिक रिळं जमिनीतून निघाली. पोहण्याचा जुना हौद बुजवायला भराव म्हणून टाकलेली. परतीचं भाडं कोण देणार म्हणून कंपन्यांनी ती मागवलीच नव्हती. थंडीनं गोठलेल्या मातीनं ती पन्नास वर्षं सांभाळली. आपल्या मुरमाड जमिनीत आणि उन्हाळ्यात सहा महिनेही टिकली नसती.

फेअरबँक्स वाचला त्याचं कारण साधं. त्यानं आपल्या चित्रांच्या प्रती सांभाळल्या आणि मरण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या हवाली केल्या. स्वतःच्या मालकीची कंपनी होती, पैसा होता, आणि आपण महत्त्वाचं काही करतोय याची खात्री होती. विठ्ठल पगारी नोकर होता.

म्हणून मला वाटतं, जुना हॉलिवूड पाहणं हा आपल्या बाबतीत निव्वळ परदेशी चैनीचा मामला नाही. पणजोबांनी पिटात बसून जे पाहिलं त्याचा आपला भाग गेला. उरलाय तो साहेबाचा भाग. विठ्ठल कशावर बेतला होता, लोक कशावर फिदा होते, तलवार कशी फिरत असे, हे कळायला आज फेअरबँक्सखेरीज दुसरा साक्षीदार नाही.

आता गावाकडं. 1952 म्हणू. निजामाचं राज्य गेलं, हाली सिक्का जायच्या वाटेवर आहे. भैंशात तंबूचा सिनेमा आलाय. सुगी उरकलीय, माणसांच्या हातात चार पैसे खुळखुळतात. गाडीवर भोंगा बांधून पोरगा दुपारभर ओरडत हिंडतोय, मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. इंजिनाचा धडधडाट, मध्ये बायका-पुरुषांना वेगळं करणारी दोरी, रीळ बदलताना अंधारात एकमेकांना मारलेल्या हाका. चित्र कुठलं? 'अलबेला', मागच्याच सालचं, आणि नायक भगवान. भगवान आबाजी पालव, गिरणगावातला मराठी गडी. या माणसाचा देव कोण होता ठाऊक आहे? डग्लस फेअरबँक्स. 'अलबेला'च्या आधी कितीतरी वर्षं तो स्वस्तातले मारामारीपट काढायचा आणि फेअरबँक्ससारखंच सगळं स्वतः करायचा, बदली माणूस न घेता. तुमच्या शेजारची आजी त्याचं ते खांदे उडवणं, पाय घासत पुढं येणं पाहून हसून हसून डोळे पुसतेय. बगदादचा चोर तिला माहीत नाही. तरी तिच्यापुढं नाचतोय त्याचाच चेला. हे चित्र मात्र शाबूत आहे, आज रात्रीही लावता येईल.

तंबूतल्या पडद्यावर आणखी एक माणूस अधूनमधून दिसतो, आणि तो तर जवळचाच. पैडी जयराज, जन्म 1909, करीमनगर. निजामाच्या मुलखातला तेलुगू पोरगा मुंबईला गेला, मूकपटात नायक झाला, तलवारबाजीत नाव काढलं. त्याचा प्रवास उलट्या दिशेनंही झाला. 1963 साली गांधीजींच्या हत्येवर 'नाइन अवर्स टू रामा' हे हॉलिवूडचं चित्र आलं, त्यात जयराज आहेत. चित्रावर भारतात बंदी आली, त्यामुळं करीमनगरच्या माणसाचं हॉलिवूड करीमनगरला दिसलं नाही. 1980 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

त्या तंबूपासून चार वर्षं पुढं सरका. 1 नोव्हेंबर 1956. राज्यांची फेररचना झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं आंध्र प्रदेशात. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात तिन्ही भाषा. सिनेमाला काय, तो कुठल्याही भाषेत आला तरी तंबू भरायचाच. पण नांदेडला जे मराठी चित्रपट येत, त्यांच्यासाठी आता राज्याची हद्द ओलांडावी लागणार होती. ती भैंसेकर ओलांडत राहिले, लग्नाकार्याला ओलांडतात तशी.

आणखी एकच थांबा, तोही थोडा वेळ, कारण तिथं उभं राहवत नाही. 8 जानेवारी 2003, पुणे. प्रभात फिल्म कंपनीचा जुना स्टुडिओ जिथं होता त्या आवारातलं नायट्रेट फिल्मचं कोठार पेटलंय. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीही जळतं. स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करतं, म्हणून बंबवाल्यांच्या हाती फारसं काही राहत नाही. प्रभातच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. चित्रांच्या प्रती दुसरीकडं होत्या म्हणून 'संत तुकाराम' आज पाहता येतो. मूळ मात्र गेलं ते गेलंच. नायर तेव्हा निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. 2016च्या मार्चमध्ये, पुण्यातच, ते वारले.

आता आजच्या भैंशात या. बसस्टँडजवळ चहा घेताय, हातात फोन आहे. 'थीफ ऑफ बगदाद'वर आता कुणाची मालकी नाही, अमेरिकेत 2020 सालापासून तो सगळ्यांचा आहे. फुकट मिळतो, अडीच तासांचा आहे. मात्र अंधूक, कापलेली प्रत उघडू नका. रंगाची झाक दिलेली, नीट दुरुस्त केलेली प्रत शोधा. तिच्यात रात्र निळी आहे आणि दुपार पिवळी. 'शेरलॉक ज्युनियर' तर पाऊण तासातच आटोपतो. त्यात पाण्याच्या टाकीचा नळ अंगावर कोसळतो तेव्हा कीटनची मान खरोखर मोडली होती. डॉक्टरांना ते कळलं कित्येक वर्षांनी, आणि तो शॉट चित्रात तसाच आहे. मूकपटाला भाषा लागत नाही, त्यामुळं मराठी आजी आणि तेलुगू शेजारीण एकत्र बसू शकतात. पाट्या वाचायला नातवाला उभं करा. त्यानं पदरची भर घातली तरी रागावू नका, तशीच पद्धत होती.

आणि एक काम करा. या मुलखात ज्यांच्या घरी तंबूचा सिनेमा होता, जुनं थिएटर होतं, ज्यांचे आजोबा यंत्र चालवत किंवा पेट्या पोचवत, त्यांनी माळा एकदा उतरवून बघावा. गंजलेले गोल डबे, फाटकी पोस्टरं, गाण्यांची दोन पैशांची पुस्तकं, तिकिटांची बुकं. डब्यातल्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल किंवा ती चिकट झाली असेल तर उलगडायचा प्रयत्न करू नका, उन्हात ठेवू नका, जवळ विडी-काडी नको. भंगारात तर मुळीच घालू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा. विठ्ठलचं एखादं रीळ सापडलंच, तर ते कुणाच्या तरी अशाच माळ्यावरून सापडेल.